पिकअपला दुसऱ्याचं डोकं

इंजिनाला डोकं असतं ही गोष्ट हार्लन ब्रेक्केला साठीला टेकल्यावर कळली, आणि कळल्यापासून त्याचं स्वतःचं ठिकाणावर राहिलं नाही.

तसा माणूस अडाणी नव्हे. आमच्या विकर लेकच्या नगर कचेरीत तो चिटणीस आहे. कुत्र्यांचे परवाने, पाणीपट्टी, दफनभूमीतल्या जागा, सगळं त्याच्या टेबलावरून पुढे सरकतं. हार्लनची सही झाल्याशिवाय आमच्या गावात माणसाला धड मरताही येत नाही. पण देवाने त्याला हात दिले ते सही करण्यापुरतेच. पाना म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे वहीचं पान यायचं.

गाडी त्याच्या वडिलांची. ओरिन ब्रेक्के, वय वर्षं चौऱ्याऐंशी. जन्मभर गावाच्या उत्तरेला मका आणि सोयाबीन केलं आणि गेल्या सप्टेंबरात शेत विकलं. कर्जापायी वगैरे नाही, गुडघ्यांपायी. मुलाकडे राहायला आले ते एक सुटकेस, मासे धरायचे गळ आणि ही पिकअप घेऊन. गाडी मुळात हिरवी होती असं म्हणतात. आता तिचा रंग कुठला हे ऊन कुठल्या बाजूने आहे त्यावर अवलंबून.

तर झालं असं, की नोव्हेंबरात रेडिएटरमधली पातळी उतरलेली दिसली म्हणून हार्लनने बागेतली नळी घेतली आणि भरून टाकलं. साधं पाणी. मिनेसोटात. नोव्हेंबरात. जे पाणी तळ्यात गोठतं ते इंजिनातही गोठणार, हे ज्या गावात पोरांना चालण्याआधी कळतं, त्या गावच्या चिटणिसाने हे केलं. जानेवारीत एका सकाळी इंजिनाच्या हेडला हा एवढा तडा गेलेला सापडला. हेड म्हणजे इंजिनाचं झाकणच म्हणा ना. खाली ब्लॉक, वर हेड, मध्ये गळती अडवणारं गॅस्केट, आणि सगळं आवळून धरायला जाडजूड बोल्ट. झाकणाला तडा गेला की कुकर काय आणि इंजिन काय, दोन्ही कामातून गेलं.

ओरिन बर्फात उभे राहून त्या तड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बॉनेट खाली घेतलं, घरात आले, बूट काढले आणि कॉफी प्यायले. एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर हार्लन सुटला असता. पण आमच्याकडे रागावलेला माणूस रागावत नाही, तो नुसता जास्त सभ्य होतो. ओरिन त्या दिवसापासून ताट उचलताना सुद्धा "आभारी आहे" म्हणायला लागले.

मार्चमध्ये त्याने विषय काढला. कारण मे महिन्यातल्या एका शनिवारी मासेमारीचा हंगाम खुला होतो. त्या शनिवारी आमच्या भागात कुणी लग्न ठेवत नाही. ठेवलं तर नवरा मिळत नाही. ओरिन दरवर्षी त्या दिवशी पहाटे पिकअप काढून बोन लेकवर जायचे. पोर होता तेव्हा हार्लनला शेजारी बसवून, नंतर एकटे.

"बाबा, या वर्षी माझ्या गाडीने जाऊ या," हार्लन म्हणाला. "माझ्या गाडीत सीट गरम होते."

ओरिननी कॉफीचा कप खाली ठेवला. "तुझ्या गाडीतून तू मला नेशील. दवाखान्यात नेतात तसं. माझ्या गाडीतून मी जातो. दोन्हींत फरक आहे." मग म्हणाले, "नाहीतर राहू दे या वर्षी."

हे शेवटचं वाक्य हार्लनच्या ओळखीचं होतं. शेत विकताना म्हातारा असाच म्हणाला होता, "राहू दे या वर्षी पेरणी." त्यांचं "या वर्षी" म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी मे महिन्यापर्यंत चालू झाली नाही, तर म्हातारा पुन्हा कधी तळ्यावर जाणार नव्हता. आणि तळ्यावर जायचं सोडलं की मग माणूस एकेक काय काय सोडायला लागतो ते सांगायला नको.

गावात गॅरेज एकच, आणि ते जूनपर्यंत लोकांच्या बोटी आणि बोटींचे गाडे दुरुस्त करण्यात बुडालेलं. तेव्हा हार्लन म्हणाला, "मी करतो."

त्याची बायको मार्डेल बशी पुसत होती. ती बशी तशीच हातात राहिली. "तू? अरे, तू टोस्टर उघडलास त्या दिवसापासून आपण पाव तव्यावर भाजतोय."

"टोस्टरची गोष्ट निराळी. त्यात वीज असते."

"आणि यात काय असतं, देवाची कृपा?"

आता शेजारचा वॉली. वॉलीने जन्मभर गावोगाव गॅसच्या टाक्या भरल्या, आणि निवृत्त झाल्यापासून तो सल्ले भरतो. कुणी मागो न मागो. त्याच्या भावाच्या शेतामागच्या झाडीत याच कंपनीची एक पिकअप पडली होती, दहाएक वर्षांनी धाकटी. तिच्या छताला गंज लागलेला, पण इंजिन धडधाकट.

"एकाच घराण्यातली इंजिनं रे ती," वॉली कुंपणावर रेलून म्हणाला. "त्याचं डोकं काढायचं, याच्यावर बसवायचं. बोल्ट जुळले की झालं."

"पण जुळतील का?"

"तंतोतंत! अरे, माझ्या मेव्हण्याच्या मित्राने केलंय."

मेव्हण्याच्या मित्राने आजवर जगात काय काय केलंय याची मोजदाद कुणी ठेवत नाही म्हणून बरं. चर्चच्या तळघरात रविवारी कॉफीला ही बातमी फुटली आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाला बोल्ट आतून बाहेर आवळ, दुसरा म्हणाला बाहेरून आत, आणि पाद्री म्हणाले की आवळण्याआधी शांत चित्ताने थोडं थांबावं. हार्लनने तिघांचंही म्हणणं नॅपकिनवर लिहून घेतलं. नॅपकिन पुढे मार्डेलने धुतला.

एप्रिलातल्या एका चिखलाच्या शनिवारी दोघं ते हेड आणायला गेले. लोखंडाचं हेड म्हणजे खेळ नव्हे. झोपलेलं अस्वल उचलावं तसं ते दोघांनी उचललं, आणि वॉलीच्या पाठीत तिथल्या तिथे काहीतरी कटकन वाजलं. मग वॉलीच्या भावाच्या नातवंडांची बर्फावरची घसरगाडी आणली. बर्फ नव्हता, पण चिखल होता, आणि चिखलावर घसरगाडी अशी सुसाट सुटते हे त्या दिवशी प्रथम कळलं. हेड उतारावरून आपलं आपण निघालं, वॉलीच्या भावाच्या कोंबड्यांमधून आरपार गेलं आणि दाराशी जाऊन थांबलं. एकही कोंबडी मेली नाही. पण अंडी देणं त्यांनी काही दिवस बंद ठेवलं, आणि त्याचा ठपका हार्लनवर आला.

घरी आणल्यावर ते धुवायचं कुठे? हार्लनने ते न्हाणीघरातल्या टबात ठेवलं. मार्डेल बाहेर गेली होती. ती आली, तिने दार उघडलं, काळ्या पाण्यात बुडालेलं ते धूड पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून हार्लनला तिचा आवाज ऐकू आला. "मी आज बहिणीकडे आंघोळीला जाते. उद्यासुद्धा."

हेड धुऊन पुसून स्वच्छ झालं. घरच्या गॅरेजमधल्या बाकावर ठेवल्यावर असं चकाकायला लागलं की हार्लनला स्वतःविषयी बरं वाटलं. इतकं बरं त्याला पाणीपट्टीची थकबाकी वसूल झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. मनाचा हिय्या करून त्याने वडिलांना बोलावलं.

ओरिन आले. चष्मा वर केला. हेडच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. मग म्हणाले, "वेगळं आहे."

आणि काठी टेकत घरात गेले.

इथे जरा थांबायला हवं. कारण हे दोन शब्द विकर लेकमध्ये काय आहेत ते ज्याला माहीत नाही त्याला पुढची गोष्ट कळायची नाही. आमच्याकडे कुणी कुणाच्या तोंडावर वाईट म्हणत नाही. घराला जांभळा रंग दिला, "वेगळं आहे." जावई वेणी घालतो, "वेगळा आहे." एका वर्षी हार्लनच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारणीने, बर्निसने, चर्चच्या जेवणाला बीटाची जेली करून आणली, वरून आंबट क्रीम आणि खारवलेला मासा. रांगेतल्या पहिल्याने चमचाभर घेतली आणि म्हणाला, "वेगळं आहे हो." बर्निसने भांडं झाकलं, घरी गेली, आणि त्यानंतर आजतागायत ती फक्त लिंबाच्या वड्या आणते. "वेगळं आहे" याहून मोठी शिवी आमच्या भाषेत नाही. असलीच तर कुणी उच्चारलेली नाही.

तेव्हा हार्लनच्या जिवाचं काय झालं असेल ते समजून घ्या. माणूस गुडघाभर चिखलात उतरला, कोंबड्यांचे शाप घेतले, बायकोला आंघोळीला परगावी धाडलं, आणि बापाने दोन शब्दांत सगळ्यावर पाणी फिरवलं. तेही साधं पाणी.

"असू दे," तो हेडला म्हणाला. "आता तर तुला बसवूनच दाखवतो." आणि पुढचे सगळे दिवस त्याने वडिलांना कामाजवळ बोलावलं नाही. ते घरातल्या खिडकीशी बसलेले असायचे. हार्लन त्यांच्याकडे पाठ करून काम करायचा.

इतक्यात टपाल आलं.

मार्डेलने लिफाफा फोडला, वाचला आणि नवऱ्यापुढे धरला. "तुला तू पत्र लिहिलंयस. बराच रागात दिसतोयस."

नगर कचेरीची नोटीस. घरापुढे उभं असलेलं वाहन बराच काळ स्वतःच्या बळावर हललेलं नाही. मासेमारीच्या शनिवारआधी, शुक्रवारपर्यंत ते हलवावं, नाहीतर गाडी ओढून नेण्यात येईल. खाली सही, हार्लन ब्रेक्के, चिटणीस. कचेरीत तक्रार आली की नोटीस आपोआप छापून निघते आणि सही आधीच छापलेली असते. ही सोय हार्लननेच केली होती. नियमही त्यानेच लिहिला होता. वाहन झाकलेलं असल्यास चालेल, अशी पळवाट ठेवायला सुचवलं गेलं तेव्हा "ताडपत्री हे झाकण समजलं जाणार नाही" हे वाक्य त्यानेच मोठ्या हौसेने घातलं होतं. आता ताडपत्री हातात घेऊन तो ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होता. काही म्हणा, वाक्य पक्कं होतं.

तक्रार कुणाची ते संध्याकाळी कळलं. बर्निस वड्यांची परात घेऊन आली.

"मी काही तक्रार करणारी बाई नाही रे हार्लन. पण पाहुणे येतायत. म्हटलं, तुलाच आधी सांगावं, तर तू कचेरीत असतोस, म्हणून मग कचेरीतच सांगितलं. वड्या घे. तुझ्या बाबांना मऊ लागतात ना?"

हार्लनने मुदतवाढीचा अर्ज केला. अर्जदार हार्लन ब्रेक्के. अर्ज मिळाल्याची पोच देणार हार्लन ब्रेक्के. नगर समितीच्या बैठकीत चिटणिसाने उभं राहून अर्ज वाचून दाखवला, मग खाली बसून "अर्ज वाचून दाखवण्यात आला" अशी नोंद केली. सभासद फार कनवाळूपणाने त्याच्याकडे बघत होते. सगळ्यांना तो म्हातारा, ती गाडी, ते तळं ठाऊक होतं. पण चिटणिसालाच सूट दिली असं गावाला दिसू नये म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढची बैठक जूनमध्ये. "विषय पुढे ढकलण्यात आला," हार्लनने लिहिलं, आणि त्याचा पेन कागदातून आरपार गेला.

आता करणं भागच होतं. संध्याकाळ संध्याकाळ खपून त्याने हेड चढवलं. आणि वॉली म्हणाला होता ते अगदी खरं निघालं. बोल्ट जुळले. एकूण एक! नवीन गॅस्केटवर हेड असं बसलं की जणू माहेरीच आलं. हार्लनने आवळलं, पुसलं, मागे सरून पाहिलं. त्याने खिडकीकडे पाहिलं. ओरिन तिथे होतेच. हार्लनने मान फिरवली.

शनिवारच्या आधीचा सोमवार. वॉली पाठीला पट्टा बांधून आला. मार्डेल पायरीवर उभी राहिली. बर्निस कुंपणापलीकडे फुलझाडांना पाणी घालायला आली; झाडं अजून लावलेली नव्हती. हार्लनने रेडिएटरचं टोपण काढलं आणि न गोठणारं हिरवं पाणी, या वेळी डबा दोनदा वाचून, ओतायला सुरुवात केली.

ते आत गेलं. आणि बाहेर आलं. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून, एका कडेला तीन ठिकाणी, सरळ रस्ता असल्यासारखं. इंजिनावरून, चाकावरून, हार्लनच्या बुटांवरून हिरवा ओघळ निघाला आणि बर्निसच्या कुंपणाकडे वळला.

"पण बोल्ट तर बसले!" वॉली म्हणाला.

हार्लन त्या हिरव्या थारोळ्यातच खाली बसला. कुणीही हसलं नाही. मार्डेल खाली उतरणार होती, पण तेवढ्यात आतून ओरिन घडीची खुर्ची घेऊन आले, ती हार्लनच्या शेजारी मांडली आणि बसले.

"मी म्हटलं होतं," ओरिन म्हणाले.

"काय म्हटलं होतंत?"

"वेगळं आहे म्हणून."

मग मात्र हार्लनचा तोल गेला. साठ वर्षांत तो वडिलांपुढे आवाज चढवून बोलला नव्हता. "हो, म्हटलं होतंत! ऐकलं मी! बर्निसच्या जेलीला म्हणतात तसं म्हणालात! नाही जमत मला, ठाऊक आहे सगळ्यांना. पण मी तुमच्यासाठी करत होतो ना? तर काय, वेगळं आहे म्हणे!"

वॉलीला एकदम घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. बर्निस जागची हलली नाही.

ओरिन मुलाकडे बघतच राहिले. "जेलीचा इथे काय संबंध? अरे, हेड वेगळं आहे. याची पाण्याची भोकं वेगळी आहेत. जुन्या हेडची भोकं ब्लॉकवर संपतात. याची तीन ब्लॉकच्या कडेबाहेर जातात. बोट फिरवलं तर हाताला लागलं, म्हणून सांगितलं तुला."

हार्लन म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही नावं ठेवताय."

"नावं ठेवायची असती तर गप्प बसलो असतो."

"पण बाबा, आपल्याकडे कुणी 'वेगळं आहे' म्हटलं की..."

"ठाऊक आहे रे. जन्म काढलाय इथे. पण एखादी वस्तू खरोखरच वेगळी असली, तर माणसाने म्हणायचं तरी काय?"

या प्रश्नाला विकर लेकमध्ये उत्तर नाही. मी पुष्कळ विचार करून पाहिला. कुणाला लागू नये म्हणून आम्ही शब्द इतके घासून गुळगुळीत केलेत, की धरायची वेळ आली की ते हातातून निसटतात. आणि मग एखाद्या म्हाताऱ्याने कधी नव्हे ते सरळ बोलावं, तर पोरगा त्याला टोमणा समजून तीन आठवडे पाठ करून बसतो.

हार्लन बुटातलं पाणी ओतत म्हणाला, "नोव्हेंबरात ते पाणी मी घातलं होतं."

"माहीत आहे. नळी तशीच टाकून आला होतास. तीही गोठली."

"मग बोलला का नाहीत?"

"रागावलो होतो."

"अजून?"

ओरिननी आठवून पाहिलं. "नाही. मार्चपर्यंत."

"अहो, मग राग गेला हे सांगायचं तरी!"

"आला हे कुठे सांगितलं होतं?"

हार्लनला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला हिरव्या हातांनी तोंड पुसलं त्याने भलतंच झालं. ओरिननी त्याला आपला रुमाल दिला. मग ते गाडीकडे बघत म्हणाले, "मला भीती वाटत होती, हार्लन. शेत गेलं. ही पण गेली, तर मी कोण? तुमच्या वरच्या खोलीतला म्हातारा. मार्डेल फार करते माझं. पण सकाळी उठून कुठे जायचंच नसलं की फार वाईट वाटतं बघ."

हार्लनने रुमाल घट्ट धरला. "मला सांगायचं होतंत, बाबा."

"आता सांगितलं ना," ओरिन म्हणाले आणि उठले. "चल, बोल्ट काढ. भोकं बुजवू."

मार्डेल पायरीवरूनच आत गेली आणि तिने टबात गरम पाणी सोडलं, हेडसाठी.

भोकं बुजवायची म्हणजे कानस मारून ती गोल करायची, आत आटे पाडायचे, पितळी बुचं आवळून बसवायची आणि वरून घासून सगळं सपाट करायचं. ओरिनना प्रत्येक पायरी माहीत होती, पण हात थरथरत होते. हार्लनचे हात स्थिर होते, पण त्यांना काहीच माहीत नव्हतं. तेव्हा एकाने खुर्चीत बसून सांगायचं आणि दुसऱ्याने करायचं असं ठरलं.

"पुढे अर्धा फिरव, मग थोडा मागे घे. जोर नको लावूस. ऐक, करकरतंय ते. तेल घाल."

"असं?"

"हं. असंच."

त्या आठवड्यात ओरिन जेवढं बोलले तेवढं हार्लनने जन्मात ऐकलं नव्हतं. आई कापणीच्या दिवसांत ही गाडी अनवाणी चालवायची. हार्लनला लहानपणी घटसर्पाचा संशय आला तेव्हा ओरिननी याच गाडीतून त्याला हिमवादळात शहरात नेलं होतं आणि वाटभर मोठमोठ्याने गाणी म्हटली होती, घाबरल्याचं पोराला कळू नये म्हणून. हार्लनला ती गाणी आठवत होती. बापाची भीती तेवढी ठाऊक नव्हती.

एक बूच वाकडं गेलं, ते पुन्हा करावं लागलं. गॅस्केट नवीन आणावं लागलं, आणि दुकानदार म्हणाला, "परत?" तरीही हार्लनने मान खाली घातली नाही. शुक्रवारी दुपारी त्याने पुन्हा ते हिरवं पाणी ओतलं. सगळे वाकून बघत होते. थेंब नाही. ओरिन आत बसले, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं, काळा धूर बर्निसच्या घरावर सोडला, आणि धरलं. मग असं सुरात घुमायला लागलं की वॉलीने टोपी काढली.

"म्हटलं नव्हतं?" वॉली म्हणाला. "तंतोतंत!"

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. "वाहन स्वतःच्या बळावर हलल्याचं समक्ष पाहिलं," असा दाखला हार्लनने बॉनेटवर ठेवून लिहिला आणि इतक्या वळणदार सहीने सजवला की तो कचेरीच्या फायलीला लावायला त्याला जिवावर आलं. बर्निसने टाळ्या वाजवल्या आणि धुराने काळे पडलेले पडदे काढायला आत गेली.

शनिवारी उजाडताना ओरिन दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून तयार होते. मार्डेलने सँडविच आणि कॉफीचा थर्मास दिला. ओरिन चालकाच्या जागी बसले आणि हार्लन लहानपणी बसायचा त्या बाजूला.

गाडी रस्त्याला लागली. ती ज्या वेगाने चालली होती त्या वेगाने आमच्याकडे मक्याची पेरणी करतात. मागे सगळ्या जिल्ह्याच्या बोटींची रांग लागली. कुणी भोंगा वाजवला नाही. वाजवणार नाहीतच, पण प्रत्येक जण आपापल्या गाडीत बसून किती सभ्य होत चालला असेल, हे हार्लनला आरशात बघूनच कळत होतं. एकदा त्याच्या ओठांवर आलं, बाबा, जरा दाबा. मग त्याने शेजारी पाहिलं. ओरिन दोन्ही हातांनी चाक धरून ताठ बसले होते, मान पुढे, डोळे रस्त्यावर. हार्लनने ओठ मिटले आणि मागच्या लोकांना हात करून क्षमा मागितली.

चौरस्ता गेला. धान्याची कोठारं गेली. मग डाव्या हाताला त्यांचं शेत लागलं, जे आता त्यांचं नव्हतं. नव्या मालकाने घरामागची झाडं काढली होती आणि जमीन थेट रस्त्यापर्यंत नांगरली होती. काळीभोर, ओली. कुंपणाच्या टोकाशी, जिथे ट्रॅक्टर आत वळायचा, तिथे ओरिननी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मागच्या बोटी एकेक करून पुढे जायला लागल्या. प्रत्येकाने स्टीअरिंगवरच्या हाताचं एक बोट वर करून रामराम केला.

"चांगलं नांगरलंय," ओरिन म्हणाले.

"हो."

मग ओरिननी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि हार्लनच्या मांडीवर ठेवली.

"बाबा? काय झालं? दमलात?"

"नाही. डाव्या डोळ्याने कडेचं दिसत नाही मला. नाताळापासून."

हार्लनला नुकताच गेलेला चौरस्ता आठवला. "बाबा! अहो, मग हे आधी..."

"आधी सांगितलं असतं तर तू किल्ली दिली असतीस?"

"नसती," हार्लन म्हणाला.

"मला इथवर यायचं होतं," ओरिन म्हणाले. "माझं मी. या बांधापर्यंत गाडी आपल्या हाताने आणायची होती. शेत विकलं तेव्हा तू मला इथून तुझ्या गाडीत नेलंस ना, ते काही मला बरं वाटलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. "तू फार केलंस, हार्लन. मी म्हणालो नाही तुला, पण मला फार अभिमान वाटला."

हार्लनने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

मग ओरिननी दार उघडलं, जपून खाली उतरले, बॉनेटला हात लावत लावत समोरून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि हार्लन सरकून जागा करून देईपर्यंत दारात उभे राहिले.

"सरक," ते म्हणाले. "आता तू चालव. मला चालेल."